झाकणाची ओली बाजू

३ मार्च

मेहुणेबुवा,

'चिरंजीव' लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही आणि 'सप्रेम' लिहिले तर तू हे पत्र तिथेच मिटशील. म्हणून दोन्ही वगळतो आणि थेट विषयाला हात घालतो. माझ्या माशांच्या टाकीत नऊ काजळ्या उरल्या आहेत आणि नऊच्या नऊ माद्या आहेत.

शेवटचा नर मंगळवारी मेला. त्याआधी त्याने तीन माद्या मारल्या. त्याची पद्धत तू पाहिलेली आहेस. मादी अंड्यांवर आलेली नसेल तर नर आधी तिची शेपटी फाडतो, मग डोळा फोडतो, आणि ती घाबरून पृष्ठभागाशी, कोपऱ्यात उभी राहिली की खालून येऊन पोटावर धडका देतो. तिसरी मादी मी जाळीत घेतली तेव्हा तिची आतडी बाहेर लोंबत होती आणि कल्ले अजून चालू होते. मी टाकीच्या मधोमध काच सरकवली, तर तो त्या काचेवर तोंड आपटत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा खालचा जबडा तुटला, खाता येईना, आणि पाच दिवस उपाशी राहून तो मेला. माझ्या करंगळीएवढ्या देहात इतका संताप कसा मावतो, याचे मला तीस वर्षे नवल वाटत आले आहे.

यातले बरेचसे तुला ठाऊक आहे, तरीही सांगणार आहे. पस्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाची खोड निवृत्तीच्या पत्राने जात नाही. काजळी आज कोणत्याही नैसर्गिक पाण्यात नाही. ती दोनच झऱ्यांत राहत होती. वरच्या झऱ्यावर सिमेंटची टाकी बांधून पंप बसवला गेला, खालच्यावर भराव टाकून बस आगार उभे राहिले. त्या वेळी कोणत्याही खात्याच्या दप्तरात या माशाचे नावसुद्धा नव्हते. आधीच्या उन्हाळ्यात एक दंतवैद्य, एक बेकरीवाला, एक टपाल कारकून आणि मी, असे चार हौशी लोक दुधाच्या कॅनमधून मासे घरी घेऊन गेलो, एवढ्यावर ही जात टिकली. विचार कर! हजारो वर्षांचा एक वंश, आणि तो कोणाच्या तरी प्रतीक्षाकक्षात, पाठदुखीच्या जाहिरातीखाली जिवंत! पुढे दंतवैद्याचा हीटर अडकला आणि पाणी उकळले. बेकरीत झुरळांचे औषध फवारले गेले. कारकून वारला, आणि त्याच्या मुलांनी टाकी रिकामी करून तिच्यात चपला ठेवल्या. आमच्या हौशी मत्स्यपालक मंडळाच्या अकराही सभासदांना मी या महिन्यात लिहिले. अकरांचीही उत्तरे आली: आमच्याकडे नाहीत.

तुझी ताई म्हणते, तुझ्या गच्चीवरच्या हौदात सहा नर आहेत आणि माद्या सगळ्या गेल्या. त्या सहांत काणा असेल तर तो मला हवा आहे. फक्त काणा. डावा डोळा नसलेला तो एकच नर मी पाहताक्षणी ओळखू शकतो, आणि तो वरच्या झऱ्याचा आहे. माझ्या माद्याही वरच्याच आहेत. दोन्ही झऱ्यांमधला कडा माणसाच्या उंचीचा होता. वरची काजळी खालीही फार क्वचित आली असेल, खालची तर वर कधीच गेली नसेल. दिसायला दोन्ही अगदी सारख्या, डोळ्याखाली तीच काळी रेघ, तिरक्या उजेडात तिच्या कडेला उमटणारी तीच जांभळी झाक. म्हणून मी झाकणांवर ठिपके दिले होते: तांबडा ठिपका म्हणजे वरची, निळा म्हणजे खालची. आमच्या छंदातला पहिला नियम हाच, की दोन वंश मिसळायचे नाहीत. मागल्या वर्षी निळ्या टाकीत सरमिसळ झाली. कोणामुळे झाली, यात मी आता शिरत नाही. पण तुझे बाकीचे पाच नर त्या टाकीतले असल्यामुळे माझ्या उपयोगाचे नाहीत.

मादी चौथ्या उन्हाळ्यानंतर अंडी घालत नाही. हा चौथा उन्हाळा आहे. मे संपला की या नऊजणी केवळ शोभेच्या राहतील, आणि त्या मेल्या की काजळी संपेल.

त्या दिवशी दोघांचाही तोल गेला. तुझा हात एव्हाना बरा असेल, अशी आशा करतो.

— भाऊजी

१९ मार्च

मेहुणेबुवा,

उत्तर नाही. सोळा दिवसांत दोन माद्या गेल्या. नर नसला की अंडी पोटातच अडकतात आणि सडतात. मी दोघींची पोटे चिरून पाहिली. अंड्यांचा पिवळा लगदा झाला होता आणि वासाने तुझी ताई खोलीतून निघून गेली. आता सात आहेत.

तू अबोला धरला आहेस तो माझ्याविषयीच्या गैरसमजातून, असे मला वाटते. म्हणून त्या दिवशी मी जे केले त्यामागचे शास्त्र समजावून सांगतो.

मी दहा दिवस बाहेरगावी होतो. मंडळाच्या अधिवेशनात 'वंशशुद्धी राखण्याच्या पद्धती' या विषयावर माझे व्याख्यान होते, आणि मासे तुझ्या हवाली होते. परत आलो तेव्हा काणा, जो तांबड्या टाकीतला, तो निळ्या टाकीत फिरत होता. टाकीवर टाकीच्या कडेपर्यंत काच असते, म्हणजे मासा उडी मारून जाणे शक्य नाही. घरात तू होतास आणि तुझी ताई, आणि तिने गेल्या वीस वर्षांत माशांना हात लावलेला नाही. मग निष्कर्ष एकच उरतो. एक वरचा नर दहा दिवस खालच्या माद्यांत असला, तर त्या टाकीतल्या कोणत्याही पिल्लाबद्दल पुढे खात्री देता येत नाही. अशी टाकी मोडावी लागते. याला निर्दयपणा म्हणणारे लोक हा छंद करू शकत नाहीत. माझ्या तांबड्या टाकीतले नर गेल्या वर्षभरात आपसांत लढून एकेक करून संपले, तरी मी त्यात बाहेरचा नर घातला नाही, ते याच कारणाने.

मासा मारायचा तर लवंगतेल हा सर्वांत सौम्य मार्ग आहे. थोड्या कोमट पाण्यात चार थेंब हलवून फेसाळायचे आणि ते टाकीत सोडायचे. मासा आधी कलंडतो, मग कल्ल्यांची गती मंदावते, आणि दहा मिनिटांत तो झोपेतच जातो. बर्फाच्या पाण्यात टाकणारे लोक क्रूर असतात, त्यांना वाटते थंडीने वेदना होत नाही. मी नेहमी लवंगतेलच वापरत आलो आहे.

तू मला अडवायला पुढे आलास. झटापट झाली आणि तुझा हात टेबलाच्या कडेवर आपटला. याचे मला दुःख आहे.

काण्याविषयी लवकर कळव.

— भाऊजी

२३ मार्च

तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल मी फायलीत ठेवतो. काल तुझ्या ताईने ती फाईल वाचली. मी टाकीचे पाणी बदलत होतो, ती दारात येऊन उभी राहिली.

"अहो, हे पत्र कुणाचं आहे?"

"तुझ्या भावाला लिहिलंय."

"ते दिसतंय. लिहिलंय कुणी? तिथे हजर असलेल्या माणसाने लिहिल्यासारखं वाटत नाही."

 ती आत आली आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "टेबलाची कड! या खोलीत टेबल आहे कुठे? आणि लवंगतेल? माझ्या दाढेला लावायला थेंब मागितला तर बाटली वर्षभर रिकामी होती. जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्यात ना, मग आता ही तपासा. लाल पेन देऊ?"

"तोल गेला होता गं."

"तोल तुमचा गेला. हात त्याचा गेला."

तिने लाल पेन खरोखरच आणून दिले. म्हणून हे पत्र लाल शाईत आहे. अन्य कोणताही अर्थ काढू नकोस.

मी सकाळी अकराच्या सुमारास परतलो. खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. तू स्टुलावर बसून काच पुसत होतास. मला पाहून म्हणालास, "या प्रोफेसर! तुमची माणसं जिवंत आहेत, मोजून घ्या."

मी निळ्या टाकीपाशी वाकलो आणि मला काणा दिसला.

"हा इथे काय करतोय?"

"कोण?"

"काणा. निळ्या टाकीत."

"पोहतोय."

तुझी थट्टा मला कबुलीसारखी वाटली. तू टाकलास, असे मी म्हणालो, आणि तू हसत म्हणालास, "भाऊजी, मी टाकीत बोटसुद्धा घातलं नाही. दाणे टाकले आणि ताईचे टोमणे खाल्ले, बस." मग माझा चेहरा पाहून तुझे हसू मावळले. "अहो, नीट आठवा. जायच्या आधी तुम्हीच काही हलवलं असेल." व्याख्यानाच्या टाळ्या अजून माझ्या कानांत होत्या, आणि एक काच कापणारा माणूस मला आठवायला सांगत होता.

मी झाकण उचलून भिंतीशी ठेवले, अगदी जपून. मग स्टँडखालचा लोखंडी अँगलचा तुकडा घेतला आणि टाकीच्या पुढच्या काचेवर घातला. ती काच तू कापलेली, तू जोडलेली. सात वर्षांत तिच्यातून एक थेंब गळला नव्हता. दुसऱ्या घावाला ती फुटली आणि दोनशे लिटर पाणी माझ्या पायांवर आले. दोनशे बारा काजळ्या फरशीवर आल्या.

मी त्या तुडवल्या. शब्द तपासून लिहितो आहे: तुडवल्या. बुटाच्या टाचेखाली काजळी फुटते तेव्हा नखावर नख आपटल्यासारखा बारीक आवाज होतो. ज्या कोपऱ्यात त्या जास्त उडत होत्या, तिकडे मी जात होतो. काण्याला मी शोधत होतो, पण पाण्याबाहेर सगळ्या सारख्याच दिसतात.

तू गुडघ्यांवर बसला होतास. उजव्या हाताने फरशीवरून मासे ओढून बादलीत घालत होतास. काचांनी तुझा तळवा उघडला होता आणि पाणी तांबडे होत होते. तू वर न पाहता मला म्हणालास, "भाऊजी, पाय बघा. पाय कापेल तुमचा."

त्यानंतर मी तुला त्याच अँगलने मारले. पहिला फटका बोटांवर बसला. तू हात मागे घेतला नाहीस, कारण मुठीत मासे होते. दुसरा पंजाच्या पाठीवर बसला आणि हाडाचा आवाज मला ऐकू आला. काडी मोडल्याचा आवाज म्हणतात तो नव्हे, ओला, दबका आवाज. तिसऱ्या फटक्याला शास्त्रात किंवा इतरत्र काही कारण सापडत नाही. तोवर तू ओरडायचाही थांबला होतास.

तू डाव्या हातात बादली घेऊन जिना उतरलास. दवाखान्यात डॉक्टरला सांगितलेस, काच पडली. हे मला तुझ्या ताईने काल सांगितले. चौदा महिने तिने ते का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

सात माद्या आहेत. काणा मागण्याचा अधिकार मला आहे असे मी म्हणत नाही. मागतो मात्र आहे.

६ एप्रिल

आज मी तुला एक गोष्ट शिकवणार आहे, जी तू मला सात वर्षांपूर्वी शिकवली होतीस.

आपले पाणी जड आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला क्षारांचा पांढरा थर बसतो, आणि दर सहा महिन्यांनी ती बाजू ब्लेडने खरवडून धुवावी लागते. त्या दिवसानंतर मी झाकण धुतले नव्हते, नुसते फडक्याने पुसत होतो. आज धुवायला काढले. थर खरवडताना ब्लेडखालून तांबडी कपची निघाली. मला वाटले, बोट कापले. बोट शाबूत होते. तो तांबडा ठिपका होता.

ठिपका मी नेहमी झाकणाच्या कोरड्या, वरच्या बाजूला देतो. हा ओल्या बाजूला होता. काच पारदर्शक असल्यामुळे वरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, आणि चौदा महिने मला तो दिसला नाही. म्हणजे झाकण उलटे बसलेले होते.

आता दोन्ही झाकणांची रचना आठव. हवेचा पंप टाक्यांच्या मधोमध आहे, म्हणून डाव्या टाकीच्या झाकणाचा उजवा कोपरा तू नळीसाठी कापलास आणि उजव्या टाकीच्या झाकणाचा डावा. ही दोन झाकणे आपल्या पंजांसारखी आहेत. उजवा पंजा डाव्याच्या जागी चपखल बसवायचा, तर तो पालथा करावा लागतो. आपल्याच टाकीवर पालथे झाकण बसत नाही, नळी आडवी येते. पालथे झाकण बसते ते फक्त शेजारच्या टाकीवर.

मी नोंदवही काढली. अधिवेशनाला निघालो त्या सकाळची, माझ्याच अक्षरातली नोंद आहे: "सहा चाळीस. दोन्ही झाकणे धुतली. गाडी दारात आली आहे." मी ती घाईने बसवली. एक बसेना, म्हणून पालथे केले, आणि ते बसले. मग दुसरेही पालथे केले. त्या वेळी तू अजून घरी आलाही नव्हतास.

तेव्हा काणा कुठेही गेला नव्हता. तो आपल्या टाकीत होता, ठिपके इकडचे तिकडे झाले होते, आणि मी टाक्या नेहमी ठिपक्यांवरूनच ओळखत आलो. निळी समजून मी जी टाकी फोडली ती वरच्या झऱ्याची होती. सरमिसळ झालेलीच नव्हती. दोनशे बारा मासे निर्दोष होते, आणि तुझा हात, जो त्यांना वाचवत होता, तोही. चौदा महिने मी वरच्या म्हणून ज्यांना सांभाळले त्या खालच्या आहेत.

झाकणे करून दिलीस तेव्हा तू म्हणाला होतास, "भाऊजी, नाव भांड्यावर घालतात, झाकणावर नाही. साखरेच्या डब्यावर मिठाचं झाकण बसलं की चहा कसा होतो, विचारा ताईला." मी तुला सांगितले होते की ही प्रयोगशाळा आहे, स्वयंपाकघर नाही. तुझी ताई तेव्हा आतून म्हणाली होती, "स्वयंपाकघरात एवढे मरत नाहीत!" आपण तिघेही हसलो होतो.

आणखी एक नोंद करतो, कारण मी ती केली नाही तर कोणी करणार नाही. ठिपका ज्या नेलपॉलिशने दिला होता ती बाटली अजून कपाटात आहे. आज दुपारी मी ती उघडली. झाकणाच्या कोरड्या बाजूला नवा ठिपका द्यायला अर्धे मिनिट लागले असते, आणि झाकण उलटल्याचे कोणाला कधीच कळले नसते. ब्रश काचेपर्यंत नेला होता. तुझी ताई शेजारच्या खोलीत काहीतरी आपटत होती, आणि मी ब्रश परत बाटलीत ठेवला. यात पुण्य काही नाही. नेलपॉलिश वाळून घट्ट झाले होते, हेही कारण असू शकेल.

मंडळाच्या अकराही सभासदांना मी आज हेच लिहिले आहे, हातासकट. माझे व्याख्यान त्यांनी छापले होते. त्याखाली हे छापावे, अशी विनंती केली आहे.

आता मोजणी अशी: तुझ्याकडे सहा नर, सगळे वरचे. माझ्याकडे सहा माद्या, सगळ्या खालच्या. सातवी काल गेली. शुद्ध वंश यापुढे कोणाकडेच होऊ शकत नाही. ज्या गोष्टीसाठी मी तुला मारले, तीच आता केली तर काजळी राहील, नाही तर नाही.

काणा मागितला होता तो मागे घेतो. तुला वाटेल तसे कर.

२१ एप्रिल

तुझी चिठ्ठी ताईने काल आणून दिली. डाव्या हाताचे अक्षर वाचायला मला वेळ लागला. "काणा गेला. पाच आहेत. माद्या पाठवा. तुम्ही येऊ नका." मी ती चार वेळा वाचली. ताईला म्हणालो, "मी खालीच थांबलो तर? जिना नाही चढणार." ती म्हणाली, "तुम्हाला चार वाक्यांतलं कोणतं कळलं नाही?"

माद्या पाच उरल्या आहेत. तीस वर्षांत माझ्या घरात काजळी नाही असा एकही दिवस गेलेला नाही. काल सकाळी मी दोन मागे ठेवायचे ठरवले होते, संशोधनासाठी. संशोधन कसले, ते मला स्वतःलाही सांगता आले नाही. पाचही पाठवतो आहे.

नर दुसऱ्या भांड्यात काढ आणि यांना आधी सोड. हौदात फुटक्या कुंड्या आणि दगड रचून दोन दिवस एकट्या फिरू दे, म्हणजे लपायच्या जागा त्यांना पाठ होतील. मग एकच नर सोड, पाचांतला सर्वांत लहान. तो मारेल. पहिल्या सकाळी तू जाळी घेऊन जवळ बस. काच आडवी घालू नकोस, तिचे काय होते ते मी पाहिले आहे. मादी कोपऱ्यात पृष्ठभागाशी उभी राहिली तर तिला लगेच काढ, तासभर थांबून परत सोड. होणारी पिल्ले वरचीही नसतील आणि खालचीही नसतील. त्यांना ठिपका लावायचे कारण नाही.

सूचनांचे आणखी तीन कागद लिहिले होते. ते फाडले. तुझ्या हौदात नर चौदा महिने जगले आहेत आणि माझ्याकडे जगले नाहीत.

आता बांधणीविषयी. मासे पाठवताना पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा ठेवायची, तोंड चार वेळा पिळायचे, दुमडायचे आणि रबरबँड आवळून वर निरगाठ मारायची. अशी पिशवी खोक्यात उलटी पडली तरी गळत नाही. आज सकाळी मी पहिली पिशवी अशी बांधली, दात लावून आवळली, आणि ही तू सोडशील कशी असा प्रश्न मला पडला. तुझ्या हाताविषयी चौदा महिन्यांत मला पडलेला हा पहिला प्रश्न.

मी ताईला हाक मारली. "त्याचा हात किती चालतो?"

 "अंगठा आणि करंगळी चालते. मधली तीन वळत नाहीत. बटणं वहिनी लावते."

"काच?"

"मापं घेतो. कापतात दुसरे." मग म्हणाली, "पेन्सिल डाव्या हातात धरतो. दुकानात आलेल्या माणसाने पाहिलं की खिशात घालतो."

मी उजव्या हाताची मधली तीन बोटे एका पट्टीवर ताणून चिकटपट्टीने बांधली. नुसते पाणी भरलेल्या पाच पिशव्या घेतल्या. पहिल्या पिशवीचा रबरबँड मला निघालाच नाही. दुसरीच्या वेळी पट्टीखालची बोटे आपोआप वळू पाहत होती आणि दुखत होती, म्हणजे माझ्याकडे वळणारी बोटे आहेत याची ती मला आठवण देत होती. तिसरी निसटली आणि फरशीवर फुटली. आवाज ऐकून ताई धावत आली. खोलीभर पाणी पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. "नुसतं पाणी आहे," मी म्हणालो. तिने भिंतीला हात टेकला आणि मग फडके आणून माझ्यासमोर टाकले.

रबरबँड मी काढून टाकले. जुन्या चादरीच्या सुती पट्ट्या फाडल्या आणि दुमडलेल्या तोंडावर सुरगाठ मारली, म्हणजे शेपूट ओढले की सुटणारी. ती ओली झाली की घट्ट बसते, म्हणून पट्टीला मेण लावले. शेपूट वीतभर लांब ठेवले आहे, अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत येईल एवढे. ओढायचे डावीकडे. पिशव्या खोक्यात उभ्या राहाव्यात म्हणून मधे कागदाचे बोळे भरले आहेत. ताई खोके मांडीवर घेऊन येईल. ती तुझ्याकडे किती दिवस राहणार ते मी विचारलेले नाही.

माद्या आत आहेत. प्रत्येक पिशवी मी बोटे बांधलेल्या हाताने सोडून पाहिली आहे आणि पुन्हा बांधली आहे. चार लगेच सुटल्या. पाचवीला मला अकरा मिनिटे लागली आणि दोनदा दात लावावासा वाटला, म्हणून तिची पट्टी बदलली. आता तीही सुटते.